हडसनच्या धक्क्यावरची ‘स्लेटर’

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. तिथं हडसन नदीच्या धक्क्याला ‘यूएसएस स्लेटर’ ही युद्धनौका बांधलेली असते. लांबी ३०६ फूट, वेग २१ नॉट आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास खलाशी. मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना पाणबुड्यांपासून वाचवण्यासाठी अमेरिकेनं अशा साडेपाचशेहून अधिक एस्कॉर्ट नौका घाईघाईनं बांधल्या. त्यांतली आज अमेरिकेत पाण्यावर तरंगणारी ही एकच उरली आहे.

तिची शस्त्रं पाहिली की पाणबुडीशी लढणं किती अवघड होतं ते कळतं. नौकेच्या मागच्या टोकाला डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, सोडणारे दोन घसरमार्ग आहेत आणि दोन्ही कुशींना ते दूर फेकणाऱ्या आठ के-गन. पाण्याच्या दाबावर चालणारा खटका ठरलेल्या खोलीवर स्फोट घडवी. अडचण अशी, की नौका पाणबुडीच्या अगदी जवळ आली की सोनार या ध्वनिशोधक यंत्राला तिचा प्रतिध्वनी मिळेनासा होई. शेवटचे काही क्षण आंधळेपणानंच मारा करावा लागे. त्यात स्फोटानं पाणी एवढं ढवळून निघे, की बराच वेळ सोनारला काही उमगत नसे आणि सुकाणू फिरवून निसटायला शत्रूला तेवढी सवड पुरे.

यावर ब्रिटिशांनी शोधलेला तोडगा म्हणजे हेजहॉग. पुढच्या डेकवर दाटीवाटीनं उभ्या केलेल्या सळ्यांवरून २४ बॉम्ब एकामागोमाग सुटत आणि सोनारची पकड कायम असतानाच नौकेच्या पुढे, दोन-अडीचशे मीटरवर कडं करून पडत. ते फक्त आदळले तरच फुटत. नेम चुकला तर पाणी शांत राही आणि पाठलाग लगेच पुढे चालू ठेवता येई. मे १९४४ मध्ये ‘यूएसएस इंग्लंड’ या एस्कॉर्ट नौकेनं पॅसिफिकमध्ये १२ दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवल्या, त्या मुख्यतः याच शस्त्रानं. माझ्या मते ‘स्लेटर’वर सर्वांत जास्त वेळ हेजहॉगपाशीच थांबायला हवं.

फ्लोरिडातल्या टँपा इथं बांधलेली ही नौका मे १९४४ मध्ये सेवेत आली. १९४५ मध्ये तिला पॅसिफिकमध्ये पाठवायचं ठरलं, तेव्हा पाणतीर सोडणाऱ्या नळ्या उतरवून त्या जागी ४० मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा बसवल्या गेल्या. जतन करताना नौकेचं हेच १९४५ चं रूप धरलं आहे.

१९५१ मध्ये ती ग्रीसला दिली गेली. ‘एटॉस’ या नावानं तिनं तिथं चाळीस वर्षं चाकरी केली. एरवी तिचं भंगारच झालं असतं. पण एस्कॉर्ट नौकांवर काम केलेल्या माजी नौसैनिकांनी वर्गणी जमवली. १९९३ मध्ये तिला ओढत न्यूयॉर्कला आणलं आणि १९९७ मध्ये ऑल्बनीला. मग या म्हाताऱ्या स्वयंसेवकांनी हातोडीनं गंज उडवला, प्रायमर मारला, तोफा वंगण घालून फिरत्या केल्या. वरची कामं हातांनी होतात, पाण्याखालच्या पत्र्याला मात्र सुकी गोदीच लागते. २०१४ मध्ये स्टेटन आयलंडच्या गोदीत ते मोठं काम झालं.

त्याच २०१४ साली आपली जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ मुंबईत दारूखान्यात तोडली गेली, याचं दुःख अजून जात नाही. तीही काही वर्षं संग्रहालय होती. जहाज तरंगतं ठेवायचं तर गोदीचा खर्च दर काही वर्षांनी येणारच. तो आधी बाजूला काढून ठेवायला हवा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी उन्हाळ्यात ऑल्बनीला जाऊन, तिकीट काढून ही नौका जरूर पाहावी. तिकिटाचे पैसे तिच्या डागडुजीलाच लागतात.