कपाळातील पोकळी आणि उन्हाबरोबर चढणारी डोकेदुखी

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची मळणी आटोपली, थंडी पडली आणि राइस मिलमधून कोंड्याचा धुराळा उडू लागला की सर्दी-पडशाबरोबर कपाळदुखीही सुरू होते. काहींचे दुखणे सकाळी उठल्यावर सुरू होते, दुपारपर्यंत वाढते व सायंकाळी उतरते. अशा डोकेदुखीला आयुर्वेदात ‘सूर्यावर्त’ हे नाव आहे. आपण मात्र तिला अर्धशिशी म्हणून मोकळे होतो, आणि विद्यार्थी असल्यास त्याला चष्मा लावावयास पाठवितो. यातील काही दुखणी भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडात असलेल्या हवेच्या पोकळीची, म्हणजेच फ्रंटल सायनसची असतात.

ही पोकळी जन्मतः नसल्यासारखीच असते. ती एक्स-रेमध्ये दिसू लागते साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात, आणि पूर्ण वाढ विशीच्या आसपास होते. उजवी व डावी पोकळी क्वचितच सारखी असते. मधला पडदा बहुधा एका बाजूला सरकलेला असतो. काहींना एका बाजूची, तर काहींना दोन्ही बाजूंच्या पोकळ्या नसतात, आणि त्यामुळे त्यांचे काही अडत नाही. बोटांच्या ठशांप्रमाणे ही ठेवण प्रत्येकाची निराळी. 1927 साली कल्बर्ट आणि लॉ या अमेरिकन डॉक्टरांनी सायनसचे जुने व नवे एक्स-रे ताडून एका मृतदेहाची ओळख पटविल्याचे प्रसिद्ध केले होते.

मग दुखणे होते कशामुळे? पोकळीच्या अस्तरातील सूक्ष्म केस तेथील चिकट द्राव सतत खाली नाकाकडे ढकलीत असतात. ही वाट अतिशय अरुंद. तिच्या तोंडाशी ‘अ‍ॅगर नासी’ नावाची हवेची लहानशी कोठी बहुतेक सर्वांना असते. ती मोठी असली, तिच्यावर आणखी कोठ्या चढलेल्या असल्या, किंवा नाकाचा पडदा वरच्या भागात वाकडा असला, तर वाट आणखी चिंचोळी होते. या कोठ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण 2016 साली झाले. शस्त्रक्रिया करणाऱ्यास सी.टी. स्कॅनमध्ये त्यांचा नकाशा आधी वाचावा लागतो.

तथापि अशी ठेवण म्हणजे रोग नव्हे. त्याच कोठ्या निरोगी माणसांतही सापडतात, आणि त्यांचा सायनसच्या आजाराशी संबंध किती, याविषयी निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. आमच्या मते नुसत्या स्कॅनच्या कागदावर ‘हाड वाढले आहे’ असे वाचून ऑपरेशनला धावणे चुकीचे. सर्दी, धूळ किंवा अ‍ॅलर्जीने अस्तर सुजते, आधीच अरुंद असलेली वाट बंद होते, द्राव साचतो आणि त्यात जंतू वाढतात, असा हा क्रम आहे. बहुतेक सर्द्या विषाणूंच्या असतात आणि सात ते दहा दिवसांत आपोआप बऱ्या होतात. त्यांना प्रतिजैविकांचा उपयोग नाही. दहा दिवसांनंतरही आराम नसेल, किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढला तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत, त्यानेच नाक पुन्हा चोंदते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे चांगले, पण पाणी उकळून गार केलेले हवे. आपला जिल्हा तलावांचा. तलावाचे पाणी त्यासाठी कदापि घेऊ नये.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. या वयात कपाळाच्या हाडातील रक्तवाहिन्या वाढीच्या ऐन भरात असतात आणि त्यांतून जंतू डोळ्याकडे व मेंदूकडे पोहोचू शकतात. कपाळावर मऊ सूज येते. तिचे वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने अठराव्या शतकातच केले होते. अशी सूज, डोळ्याची पापणी सुजणे, एकाची दोन दिसणे, मान ताठरणे, ओकाऱ्या किंवा गुंगी दिसताच परीक्षा, शेती, पाहुणे सर्व बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्र झाली असली तरी सकाळची वाट पाहू नये.