शाळा, पालक आणि नेमके काम

पालकसभा भरते. सह्या होतात, मुख्याध्यापक अडचणी सांगतात, चार-दोन पालक गाऱ्हाणी मांडतात, चहा होतो आणि सभा संपते. पुढच्या सभेत पुन्हा त्याच अडचणी, तीच गाऱ्हाणी. शिक्षक म्हणतात, पालक लक्ष घालत नाहीत. पालक म्हणतात, गुरुजी शिकवत नाहीत. मग पालक आणि शाळा एकत्र आल्याने शाळा सुधारते, असे म्हणतात ते खरे का? आम्ही प्रयोगशाळेत काम करणारे. 'याला पुरावा काय?' असे विचारण्याची आम्हांला सवय. तोच प्रश्न येथे विचारून पाहू.

जवळच्या उदाहरणापासून सुरुवात करू. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोटाच्या कामामुळे सर्वांना माहीत आहे. तेथील शाळेची हकिकत मात्र क्वचितच सांगितली जाते. १९३२ साली गावात एका खोलीची प्राथमिक शाळा सुरू झाली. १९६२ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने खोल्या वाढवल्या. तरीही १९७१ साली सुमारे १,२०० लोकवस्तीत साक्षर स्त्रिया होत्या अवघ्या ७२. पुढे शिकायचे तर शिरूर किंवा पारनेर गाठावे लागे. मुलगे जात, मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबे. उणीव कोठे आहे हे गावाला नेमके कळले होते. १९७९ साली गावकऱ्यांनी संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ नोंदवले आणि गावातच माध्यमिक शाळा काढली. इमारतीसाठी सरकारी अनुदान मिळवले, बांधकामाला श्रमदान केले. १९८२ मध्ये गावातील पहिली मुलगी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली.

राळेगणने आपणहून जे केले, त्याचा अधिकार आता कायद्यानेच पालकांना दिला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, अनुदानाचा खर्च पाहणे, शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. पण समिती नेमली म्हणजे शाळा सुधारली का?

याचे उत्तर शोधणारा एक प्रयोग २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात झाला. तेव्हा तेथे ग्राम शिक्षण समित्या होत्या. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८० गावे निवडली व चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची गटांत वाटणी केली. गट असे पाडले की मूळचा फरक पुसला जातो आणि शेवटी दिसणारा फरक प्रयोगामुळेच पडला असे म्हणता येते. काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून दिले. काही गावांत त्याबरोबर मुलांचे वाचन तपासायला शिकवले. तिसऱ्या गटात याशिवाय गावातील तरुणांना वाचनवर्ग घेण्याचे प्रशिक्षण दिले.

निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. आरंभी बहुसंख्य पालकांना समिती आहे हेच माहीत नव्हते. काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. नुसत्या माहितीने शाळेत किंवा मुलांच्या वाचनात काही फरक पडला नाही. तरुणांच्या वाचनवर्गाला जी मुले गेली, ती मात्र वाचू लागली. म्हणजे लोक उदासीन नव्हते. अमुक काम असे करा, हे सांगितल्यावर ते पुढे आले. पण हे काम शाळेबाहेर झाले. शाळा होती तशीच राहिली.

शाळा आतून बदलायची तर मुख्याध्यापक आणि पालक एका टेबलाशी बसले पाहिजेत. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाचे बालमानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ साली दोन प्राथमिक शाळांत हेच करून पाहिले. शहरातील ३३ शाळांत या दोन शाळा गुणांत तळाला होत्या. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांचे मंडळ स्थापन झाले. त्याचे नियम साधे होते. दोष कोणाचा, यावर वेळ घालवायचा नाही. मतदानाऐवजी सहमतीने ठरवायचे. मंडळाने मुख्याध्यापकांचे हात बांधायचे नाहीत आणि मुख्याध्यापकांनी मंडळाला डावलायचे नाही. १९८४ पर्यंत या कार्यक्रमातील शाळांची चौथीची मुले शहरात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकापर्यंत पोचली. अर्थात येथे जौनपूरसारखी चिठ्ठ्या टाकून तुलना नव्हती, आणि काळ लागला सुमारे सोळा वर्षे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबे निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. मूल बरोबर गेले तर जवळजवळ अर्धे शालेय वर्ष बुडते. अशा गावात जानेवारीत पालकसभा बोलावली, तर ज्यांच्याशी बोलायचे तेच पालक फडावर असतात! 'पालक येत नाहीत' हा निष्कर्ष मग शंभर टक्के चुकीचा ठरतो.

समजा, पट ४० आहे. मागील वर्षाच्या हजेरीपटावरून दर आठवड्याची सरासरी उपस्थिती काढा आणि आलेख मांडा. हे काम सातवी-आठवीची मुलेही करतील. आलेख कोठे खाली घसरतो ते ऑगस्टच्या सभेत सर्वांना दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: यंदा यातली किती मुले मागे ठेवता येतील? कोणाचे मूल आजीकडे राहील, कोणाचे चुलत्याकडे, हे नावानिशी ठरवता येते. नातेवाइकांकडे राहणाऱ्या अशा मुलांच्या जेवणाची सोय शाळेत करणारी हंगामी वसतिगृहाची योजना राज्यात अनेक ठिकाणी राबवली गेली आहे. तिचा प्रस्ताव दिवाळीनंतर करून उपयोग नाही. आई-बाप गाडीत बसण्यापूर्वी तो मंजूर झालेला हवा. काम कोणाचे आणि कोणत्या तारखेपर्यंतचे, हे इतिवृत्तात लिहा. एप्रिलमध्ये नवा आलेख जुन्याशेजारी लावा.

आलेख वर सरकला नाही, तर उपाय बदला. प्रयोगशाळेत आम्हीही तेच करतो. पण यादीतल्या बारांपैकी पाच मुले वर्गात राहिली, तर पुढच्या सभेला पालक बोलावण्यासाठी दवंडी पिटावी लागणार नाही.