शेततळ्यातील पाण्याचा अचूक हिशेब

पुणे-सोलापूर मार्गावरील कुरकुंभ हे दौंड तालुक्यातील गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. अशा भागात पावसाळ्यात साठविलेले पाणीच उन्हाळ्यात फळबाग तारते. म्हणून साठा किती आहे, हे नजरेने न ठरविता मोजून ठरविणे अगत्याचे आहे. हिशेब चुकल्यास ऐन वैशाखात बाग वाळण्याची वेळ येते.

हौदाचे घनफळ

लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार म्हणजे आयताकृती हौदाचे घनफळ होय. तिन्ही मापे एकाच परिमाणात असावीत; लांबी फुटांत व खोली इंचांत घेऊन गुणाकार करू नये. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर व एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी.

मापे नेहमी आतून घ्यावीत. बाहेरून ३ मीटर लांब व २ मीटर रुंद असलेल्या हौदाच्या भिंती २० सेंटिमीटर जाड असल्यास आतील लांबी २.६ व रुंदी १.६ मीटर भरते. आतील खोली १.५ मीटर धरल्यास त्यात ९,००० नव्हे, तर ६,२४० लिटरच पाणी मावते.

उतरत्या बाजूंचे तळे

राज्य शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेत ३० × ३० × ३ मीटर हे एक आकारमान होते. सरळ गुणाकाराने २,७०० घनमीटर येतात. परंतु माती ढासळू नये म्हणून तळ्याच्या बाजू उतरत्या ठेवतात. उतार एकास एक असल्यास तळ २४ × २४ मीटर व मध्य २७ × २७ मीटर होतो. येथे तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि मध्याच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करावी, तिला ६ ने भागून खोलीने गुणावे :

(९०० + ५७६ + २,९१६) ÷ ६ × ३ = २,१९६ घनमीटर.

म्हणजे ५ लाख ४ हजार लिटर पाणी केवळ कागदावरच राहते.

बागेचा हिशेब

समजा, एका बागायतदाराची ५०० झाडे आहेत व प्रत्येकास रोज ४० लिटर पाणी लागते. रोजची गरज २० घनमीटर झाली. १ फेब्रुवारीपासून पाणी देऊ लागल्यास २,७०० घनमीटर पाणी १३५ दिवस, म्हणजे १५ जूनपर्यंत पुरेल असे वाटते. प्रत्यक्षातील २,१९६ घनमीटर २० मेच्या सुमारास संपते. १५ जून गाठावयाचा असल्यास ४०६ झाडेच लावणे योग्य.

त्यातही बाष्पीभवनाची तूट धरावी. भरलेल्या तळ्याची पातळी दिवसाला ६ मिलिमीटर उतरली, तरी ५,४०० लिटर पाणी उडून जाते. प्लॅस्टिकच्या अस्तराने पाझर थांबतो, बाष्पीभवन थांबत नाही.

तेव्हा शेतकरी बंधूंनी टेप घेऊन तळे आधी मोजावे आणि झाडांची संख्या त्यानंतरच ठरवावी.