ग्रॅफाइटमधला अधिक महिना

शिसपेन्सिलीत शिसं असतं, हा गैरसमज आता बराचसा मावळला आहे. आत असतं ग्रॅफाइट: कार्बनचे एक अणू जाडीचे थर, 0.335 नॅनोमीटर अंतरावर एकावर एक रचलेले. थर आतून चिवट, एकमेकांशी मात्र सैल. म्हणून तर ते कागदावर घसरून उतरतात. याच फटींत धातूचे अणू घुसवता येतात. या क्रियेला ‘इंटरकॅलेशन’ म्हणतात. पंचांगात अधिक महिना घालण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे.

धातू घातला म्हणजे आत बारीक तारा ओवल्या आणि वीज त्यांतून वाहू लागली, असं अनेकांना वाटतं. घडतं वेगळंच. पोटॅशियमचा अणू आत शिरताना आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन कार्बनच्या थरांना देऊन टाकतो आणि स्वतः आयन होऊन बसतो. दर आठ कार्बन अणूंमागे एक पोटॅशियम भरला की थरांतलं अंतर 0.535 नॅनोमीटर होतं आणि काळंकुट्ट ग्रॅफाइट चक्क काशासारखं चमकतं. कोणता प्रकाश शोषायचा आणि कोणता परतवायचा, हे नव्या इलेक्ट्रॉनांनी बदललेलं असतं. 1965 मध्ये हे संयुग एका केल्विनच्याही खाली अतिसंवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, असं दिसलं. साध्या दाबाखाली हा गुण ना ग्रॅफाइटमध्ये, ना पोटॅशियममध्ये.

मग हा नुसता इलेक्ट्रॉनांच्या बेरजेचा हिशेब? तेही नाही. 2005 मध्ये कॅल्शियम भरलेलं ग्रॅफाइट 11.5 केल्विनलाच अतिसंवाहक झालं. लिथियम भरलेल्या ग्रॅफाइटमध्ये मात्र तसं काही आढळलं नाही. कॅल्शियमच्या बाबतीत दोन थरांमधल्या पोकळीतही इलेक्ट्रॉनांना जागा मिळते आणि ती भरते. पाहुणा कोण, यावर घराची मांडणी ठरते.

जितका धातू जास्त तितका गुण जास्त, हीसुद्धा भाबडी समजूत. टायटॅनियम डायसेलेनाइड या ग्रॅफाइटसारख्याच थरांच्या पदार्थात सुमारे 200 केल्विनच्या खाली इलेक्ट्रॉन लाटेसारखी ठरावीक रचना धरतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2006 मध्ये त्यात तांबं घातलं, तेव्हा ती लाट मोडत गेली आणि अतिसंवाहकता उगवली. दर टायटॅनियममागे 0.08 तांबं असताना ती 4.15 केल्विनपर्यंत चढली. त्यापुढे तांबं वाढवलं, तर उतरू लागली.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं असेल, असं म्हणणाऱ्याच्या खिशात बहुधा मोबाइल असतो. तो चार्जिंगला लावला की बॅटरीतल्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरू लागतं. काळा रंग निळसर, मग तांबूस आणि पूर्ण भरल्यावर सोनेरी होतो. फोन वापरताना तोच क्रम उलटा चालतो, झाकणाआड.