फेरफार नवा, नक्कल जुनी

पवनी किंवा लाखांदूर तालुक्यातला शेतकरी धान विकण्याआधी मोबाइलवर सातबारा उघडतो, तेव्हा त्या पानामागचं जावास्क्रिप्ट ब्राउझर जागच्या जागी प्रोसेसरच्या भाषेत, म्हणजे मशीन कोडमध्ये उतरवू शकतो. क्रोमचं व्ही-८ इंजिन २००८ पासून हेच करत आलं आहे. पण हा कोड लिहिला जातो डेटा म्हणून आणि वाचला जातो सूचना म्हणून. प्रोसेसरलगतच्या वेगवान स्मृतीत, कॅशमध्ये, या दोहोंचे कप्पे वेगळे असतात. नवा कोड डेटाच्या कप्प्यात पडलेला आणि सूचनांच्या कप्प्यात त्याच पत्त्यावरचा जुना मजकूर, असं होऊ शकतं. फेरफार दप्तरात चढला, पण व्यवहार घरच्या पेटीतल्या जुन्या नकलेवर चाललाय, तसंच हे.

इंटेलच्या प्रोसेसरात ही नक्कल हार्डवेअरच बदलतं. मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरात साधारणपणे ते काम प्रोग्रामचं: डेटाच्या कप्प्यातली ओळ, म्हणजे कॅशचा ठरावीक लांबीचा तुकडा, पुढे ढकलायची, सूचनांच्या कप्प्यातली रद्द करायची, दोन्ही पुरं होईपर्यंत थांबायचं. हे हार्डवेअरवरच का सोपवू नये, असा आक्षेप येतो. पण बहुतेक प्रोग्राम चालता चालता कोड लिहीतच नाहीत. थोड्यांसाठी प्रत्येक लेखनावर पहारा ठेवायचा, तर त्याला लागणाऱ्या जागेची आणि विजेची किंमत सगळ्यांनी मोजायची. बॅटरीवरच्या यंत्रात जो कोड लिहितो त्यानेच वर्दी द्यावी, हे मला रास्त वाटतं.

या मताविरुद्धचं सर्वांत वजनदार उत्तर २०१६ साली सॅमसंगच्या एक्झिनॉस ८८९० चिपने दिलं. तिच्यात दोन तऱ्हेचे कोअर, म्हणजे सूचना चालवणारे स्वतंत्र भाग होते: मोठ्या कोअरमध्ये कॅशची ओळ १२८ बाइटची, लहान कोअरमध्ये ६४ ची. चालता चालता मशीन कोड लिहिणारी मोनो ही प्रणाली ओळीची लांबी एकदाच मोजून लक्षात ठेवी. मोजणी मोठ्या कोअरवर झाली आणि काम लहानावर गेलं, की १२८ च्या ढांगेने जाताना एक आड एक ओळ जुनीच राही आणि ॲप कोसळे. दर वेळी नव्याने मोजूनही भागत नाही. मोजल्यावर पुढच्याच क्षणी कोअर बदलू शकतो. आतापर्यंत दिसलेली सर्वांत लहान लांबीच धरायची, हा त्यावरचा इलाज ठरला. म्हणजे चूक जबाबदारीच्या वाटणीत नव्हती, सगळे कोअर सारखेच असतील या गृहीतात होती. पुढे आर्मने, सूचनांच्या कप्प्यातली ओळ रद्द करण्याची गरज आहे की नाही, हे प्रोसेसरनेच सांगण्याची सोय केली. मात्र आधीच उचललेल्या सूचना टाकून देणारी ‘आयएसबी’ ही शेवटची आज्ञा तिथेही द्यावीच लागते.