मोबाइलमधला खटका

घरच्या घरी जुळवलेल्या 'स्मार्ट' दिव्याला तीन गोष्टी लागतात: वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, विजेचे सर्किट जोडणारा-तोडणारा रिले आणि हुकूम सोडणारे मोबाइल अ‍ॅप. २०१४ साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप बाजारात आली आणि बोर्ड हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागला. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बोर्ड आणि रिले मिळून काहीशे रुपयांत काम होते. अडते ते अ‍ॅपपाशी.

अ‍ॅप आणि बोर्ड बहुधा एमक्यूटीटी या पद्धतीने बोलतात. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनवली. उपग्रहाचा संपर्क महाग, म्हणून निरोप अगदी आटोपशीर. मध्ये 'ब्रोकर' नावाचा प्रोग्रॅम पोस्टमास्तरासारखा बसतो. प्रत्येक निरोपावर 'टॉपिक', म्हणजे पत्ता असतो आणि ज्याने तो पत्ता मागून ठेवला आहे त्याच्याकडे निरोप जातो. या पत्त्यात इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. बोर्डवर 'हॉल' लहान अक्षराने आणि अ‍ॅपमध्ये मोठ्या अक्षराने लिहिला की दिवा ढिम्म हलत नाही, आणि नवशिक्याचा रविवार रिलेच्या वायरी तपासण्यात जातो.

अ‍ॅपची खरी परीक्षा बटणाच्या रंगात आहे. बोर्डवर चालणारे टासमोटासारखे फर्मवेअर हुकूम एका टॉपिकवर घेते आणि काम झाल्याची पोच दुसऱ्यावर देते. कच्चे अ‍ॅप हुकूम सुटताक्षणीच बटण हिरवे करते. चांगले अ‍ॅप पोच येईपर्यंत थांबते. दिव्याच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना दिसतो, पण गच्चीवरच्या टाकीची मोटर खोलीतून दिसत नाही. बटण हिरवे आणि टाकी कोरडी, असा प्रकार इथेच घडतो. अर्थात ही पोचही रिलेपुरतीच असते. मोटर प्रत्यक्ष फिरते आहे का, हे कळायला करंट मोजणारा सेन्सर लागतो. बोर्ड बंद पडला तर ब्रोकर त्याचे 'मृत्युपत्र' जाहीर करतो (तांत्रिक भाषेतही शब्द हाच आहे) आणि ते वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये बटण करडे होते.

पॉलस शाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला होम असिस्टंट हा या क्षेत्रातला सर्वांत समर्थ पर्याय. पण त्यासाठी घरात एक संगणक, निदान रास्पबेरी पाय, चोवीस तास चालू लागतो. चार दिव्यांसाठी एवढा पसारा कशाला? फोनवर एमक्यूटीटीचे साधे पॅनल-अ‍ॅप पुरते. अ‍ॅपमधल्या बटणाला, म्हणजे टाइलला, नाव, टॉपिक आणि चालू-बंदचे दोन शब्द दिले की झाले. ब्रोकर घरातच, अगदी जुन्या लॅपटॉपवर ठेवला, तर इंटरनेट गेले तरी बटणे चालतात. फक्त वीज गेली तरी चालावा म्हणून राउटर इन्व्हर्टरवर हवा.

भिंतीवरचा खटका मात्र काढू नये. घरातल्या आजींनी दिव्यासाठी फोन शोधावा, ही अपेक्षाच चूक. खटक्याच्या वायरी बोर्डच्या इनपुटला जोडल्या की दोन्हीकडून दिवा लागतो आणि अ‍ॅपलाही कळते. तिथे ३.३ व्होल्टच चालतात. घरची २३० व्होल्टची वायर त्या पिनला लागली तर बोर्ड जळतो आणि जीवाला धोका होतो. वीज जाऊन आल्यावर रिलेने पूर्वस्थितीत यावे की बंद राहावे, हेही आधीच ठरवून ठेवता येते. मोटरीसाठी 'बंद' हेच बरे.

बाहेरगावाहून चालवायचे असेल तर राउटरमध्ये ब्रोकरची वाट थेट उघडू नये, व्हीपीएन वापरावे. ब्रोकरला पासवर्ड घरातसुद्धा हवाच. आणि गिझर या खेळात घेऊ नये. ३००० वॉटचा गिझर १३ अँपिअर ओढतो आणि नेहमीच्या निळ्या रिलेवर १० छापलेले असते. तिथे कॉन्टॅक्टर लागतो आणि तो वायरमनकडूनच बसवून घ्यावा.