चाळीस चॅनेलांची चावडी
लहरींचे जग : लेखांक सातवा

सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी रेडिओ, हा अमेरिकेत सामान्य नागरिकांना जवळच्या जवळ बोलण्यासाठी मोकळा करून दिलेला बिनतारी पट्टा आहे. टेलिफोनवर दोघांचे बोलणे दोघांतच राहते. सीबीवर एक जण बोलतो आणि त्या चॅनेलवरचे बाकी सगळे ऐकतात. माइकचे बटण दाबले की संच बोलू लागतो आणि त्याच क्षणी बहिरा होतो. बटण सोडले की त्याला पुन्हा ऐकू येते. त्यामुळे बोलत्या माणसाला मध्येच थांबवण्याची सोय कोणाकडेच नाही. आणि दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून कर्कश शिट्टी उठते, दोघांचेही बोलणे वाया जाते. सीबीवरची सभ्यता असो वा शिवीगाळ, तिचे मूळ बहुधा या बटणातच सापडते.

ही सेवा मंजूर झाली १९४५ मध्ये. तिचे पहिले चॅनेल ४६० मेगाहर्ट्झच्या वरचे होते आणि त्यांवर चालणारे संच महाग होते, त्यामुळे ती फारशी पसरली नाही. ११ सप्टेंबर १९५८ रोजी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, यापुढे नुसते ‘आयोग’ म्हणू, हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, या मंडळींचा ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपास सीबीला २३ चॅनेल दिले. हॅम व्हायचे तर मोर्स शिकावे लागे, परीक्षा द्यावी लागे. सीबीसाठी अर्ज आणि शुल्क पुरेसे होते. ताकदीची मर्यादा चार वॉट, म्हणजे गाडीतून गाडीशी काही किलोमीटर बोलता येईल एवढीच. आयोगाच्या मनातला सीबीवाला हा नळदुरुस्तीवाला, शेतकरी किंवा छोटा व्यापारी होता. त्याने आपले सरकारी बोलावचिन्ह सांगावे, कामाचे दोन शब्द बोलावेत आणि जागा रिकामी करावी, अशी अपेक्षा होती. हौसेखातर गप्पा मारायला तर नियमाने बंदीच होती.

हा नेटका बेत ट्रकचालकांनी मोडला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, अमेरिकेत डिझेलची टंचाई झाली आणि इंधन वाचावे म्हणून देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. मैलावर मजुरी मिळणाऱ्या चालकाला हा थेट पोटावर पाय वाटला. कोणत्या पंपावर डिझेल शिल्लक आहे आणि कोणत्या वळणाआड पोलीस दबा धरून बसला आहे, या दोन गोष्टी पुढच्या ट्रकने मागच्याला सांगायच्या, यासाठी सीबीइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. पण पोलिसाचा ठावठिकाणा सांगताना स्वतःचे नोंदणीकृत चिन्ह कोण उच्चारणार? म्हणून टोपणनावे आली. त्यांना ‘हँडल’ म्हणत. आयोगाने पुढे ही नावे चालवून घेतली आणि १९७६ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या हँडलने बोलत होत्या. सीबीची सारी गंमत या नावांत होती आणि पुढच्या उपद्रवाची तयारीही त्यांच्यातच होती. मुखवटा भल्या माणसाला शोभतो तसा टवाळालाही शोभतो.

लाट मोठी होती. सी. डब्ल्यू. मॅकॉल यांचे ‘कॉन्व्हॉय’ हे ट्रकवाल्यांच्या सीबीवरचे गाणे जानेवारी १९७६ मध्ये अमेरिकी गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७५ मध्ये परवान्याचे शुल्क २० डॉलरवरून ४ डॉलर झाले, १ जानेवारी १९७७ पासून तेही गेले. त्याच दिवशी चॅनेल २३ चे ४० झाले. १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची गरजच उरली नाही.

एवढी गर्दी चाळीस चॅनेलांत कशीबशी का होईना नांदली, ती लेखी नियमांपेक्षा रीतीभातींमुळे. नवख्याने आधी ऐकावे, मग बोलावे, ही पहिली रीत. चालू बोलण्यात शिरायचे तर दोन वाक्यांच्या मधली फट पकडून ‘ब्रेकर वन-नाइन’ म्हणावे. म्हणजे १९ नंबरच्या चॅनेलवर जागा मागणारा कोणी आहे. आधीच्याने ‘गो अहेड, ब्रेकर’ म्हणून वाट द्यावी. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाहीतर पहिले अक्षर कापले जाते. १९ हा महामार्गाचा चॅनेल, तिथे रस्त्याची खबर आधी. लांबण लावायची असेल तर दोघांनी दुसऱ्या चॅनेलवर निघून जावे. ९ नंबर १९७० पासून संकटासाठी राखलेला. पूर्वी ट्रकवाले १० नंबरवर असत, पण शेजारच्या ९ वर त्याची गडबड पोहोचते म्हणून मुक्काम १९ वर हलला. आयोगाचा नियम असा, की एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये आणि त्यानंतर निदान मिनिटभर गप्प बसावे. पाच मिनिटांचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही, पण मिनिटभर जागा सोडण्याची रीत भल्या माणसांनी पाळली.

‘टेन-फोर’सारखे दशांकी संकेत सीबीवाल्यांनी पोलिसांकडून उचलले, ही त्यातली मौज, कारण सीबीचा अर्धा वापर पोलिसांना चुकवण्यासाठीच चाले. इलिनॉय राज्य पोलिसांचे चार्ल्स हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास हे संकेत रचले. त्या काळच्या प्रक्षेपकाला वीज पुरवणारे यंत्र पूर्ण वेगात यायला क्षणभर वेळ घेई आणि तोवर बोललेला पहिला शब्द हवेत विरे. म्हणून प्रत्येक संकेताआधी ‘टेन’ हा बळीचा बकरा ठेवला. तो ऐकू आला नाही तरी बिघडत नसे. ‘टेन-फोर’ म्हणजे समजले, ‘टेन-ट्वेंटी’ म्हणजे ठिकाण. सीबीवाल्यांनी या यादीत स्वतःची भर घातली. ‘टेन-वन हंड्रेड’ म्हणजे लघुशंकेसाठी थांबणे. ऐकणाऱ्यांत बायकामुले असतात म्हणून सोडलेला हा शब्दांचा पडदा. पोलिसाला ‘स्मोकी’ म्हणत, कारण राज्य पोलिसांची रुंद काठाची टोपी वणवाप्रतिबंधक जाहिरातीतल्या स्मोकी अस्वलाच्या टोपीसारखी दिसे. मग हेलिकॉप्टरमधला पोलीस ‘हवेतले अस्वल’ झाला.

उद्धटांसाठीही सीबीवर नावे तयार होती आणि ती नीट पाहिली तर या समाजाला नेमके काय खुपत होते ते कळते. जबडा मिटतच नाही तो ‘रॅचेट जॉ’. बेसुमार बडबडणारा किंवा घाण बोलणारा तो ‘बकेट माउथ’, बादलीतोंड्या. दूरवर आवाज फेकतो पण दुसऱ्याचे ऐकू शकत नाही तो ‘ॲलिगेटर’: तोंड मोठे, कान नाहीत. बटण दाबून मुकाट बसणारा ‘डेड की’ करतो. तो एक वावगा शब्द उच्चारत नाही आणि तरीही सारा चॅनेल बंद पाडतो. शिवी देणाऱ्याचे बोलणे कधीतरी संपते. मुक्या बटणाला अंत नसतो. म्हणून सीबीवाल्यांच्या लेखी मुके बटण शिवीपेक्षा मोठा गुन्हा होता, आणि चॅनेलवर ऐकू येणाऱ्या शिव्यांतल्या काही अशा बटण अडवणाऱ्यांना उद्देशून सुटत. कोणी मध्येच घुसला, कोणी गाणी लावून बसला, कोणी मुद्दाम शिट्ट्या मारल्या, की समोरच्याचा तोल जाई, आणि शिवी ऐकायला मिळाली की खोडकराचा हेतू साध्य होई.

याला यंत्रांनी आणखी खतपाणी घातले. २७ मेगाहर्ट्झच्या लहरी एरवी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत, पण सूर्यावरचे डाग वाढलेल्या वर्षांत आयनांबर या वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या हजारो किलोमीटरवर उतरतात. याला ‘स्किप’ म्हणतात. २५० किलोमीटरपलीकडे बोलायला आयोगाची बंदी होती, ती २०१७ मध्ये उठली. स्किपच्या मोहाने अनेकांनी ‘लिनिअर’ म्हणजे बेकायदा शक्तिवर्धक जोडले आणि चार वॉटच्या पट्ट्यात शेकडो वॉटचे दांडगे शिरले. ६ नंबरचा चॅनेल तर अशा दांडग्यांचा आखाडा म्हणून ‘सुपर बोल’ या नावाने ओळखला जाऊ लागला. तिथे डिवचणे, बढाई मारणे, समोरच्याला आवाजाखाली गाडणे हाच खेळ असतो. सगळ्या शिव्या काही अशा लुटुपुटीच्या नव्हत्या. काळ्यांविरुद्धचा वर्णद्वेष आणि बायकांच्या आवाजामागे लागणारी घाण हे सीबीचे जुने दुखणे आहे, आणि त्यांचे खापर बटणावर फोडता येणार नाही.

कायदा होता, आणि तो कडक होता. रेडिओवरून अश्लील, असभ्य किंवा निंद्य भाषा वापरू नये ही तरतूद १९२७ च्या रेडिओ कायद्यात आली आणि १९४८ मध्ये अमेरिकी फौजदारी संहितेच्या कलम १४६४ मध्ये गेली. शिक्षा दंडाची किंवा दोन वर्षांपर्यंत कैदेची, किंवा दोन्ही. आयोगाच्या सीबी नियमांतही तीच मनाई आहे. अडचण आली ती शब्दांच्या अर्थापाशी. १९६६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे सीबीवर रागाच्या भरात दिलेल्या शिव्यांचा खटला आला, तेव्हा न्यायालयाने शिक्षा रद्द केली. अश्लील म्हणजे कामवासना चाळवणारे. संतापाने हासडलेल्या शिवीने कोणाची वासना चाळवत नाही, असा त्याचा तर्क. १९७७ मध्ये सातव्या सर्किटनेही सीबीच्याच प्रकरणात याच दिशेने निर्णय दिला. ऐकणाऱ्या गृहिणीला हा तर्क पटला असेल असे वाटत नाही, पण कायद्याच्या भाषेत तो पक्का होता.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जॉर्ज कार्लिन या विनोदी कलाकाराच्या शिव्यांवरच्या एकपात्री कार्यक्रमाबाबत वेगळी भूमिका घेतली. हा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या एका केंद्राने ३० ऑक्टोबर १९७३ रोजी भर दुपारी लावला होता. अश्लील नसलेल्या पण असभ्य भाषेवरही आयोगाला कारवाई करता येते, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. मात्र हा निर्णय मर्यादित आहे, टॅक्सीचालक आणि त्याचे कार्यालय यांच्यातल्या दुतर्फी रेडिओसंवादाचा प्रश्न इथे नाही, असेही निकालात आवर्जून म्हटले. म्हणजे सीबीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

व्यवहारात तर पकडण्याचाच प्रश्न मोठा होता. नाव टोपणनाव, पत्ता धावता ट्रक, आणि बोलणे दहा सेकंदांचे. दिशादर्शक अँटेना घेऊन माग काढायचा तर बोलणारा बराच वेळ एका जागी बोलत राहायला हवा. आयोगाचे मोजके तपासनीस साहजिकच शिव्यांपेक्षा लिनिअरच्या मागे लागले, कारण लिनिअरमुळे शेजाऱ्यांचे दूरचित्रवाणी संच बिघडत आणि तक्रारी येत. २००० साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, राज्यांना आणि शहरांना सीबीबाबत कारवाईचा अधिकार दिला, तोही बेकायदा संच आणि बेकायदा लहरी यांपुरताच. भाषेचा विषय त्यात नव्हता.

राहिला लोकांचा उपाय. शिवी देणाऱ्याला उत्तर द्यायचे नाही, त्याचे हँडल उच्चारायचे नाही, सगळ्यांनी चॅनेल बदलायचा. प्रेक्षक उठून गेले की तमाशा थांबतो. शहरातल्या गटांत हे जमे, कारण तिथे लोक एकमेकांना आवाजावरून ओळखत आणि महिन्यातून एकदा कॉफीला भेटत. अशा भेटीला ‘आयबॉल’ म्हणत. महामार्गावर जमणे अवघड. तिथे प्रत्येक मैलाला श्रोते बदलतात, मग लाज कोणाची धरायची?

इतर देशांत हा पट्टा वेगळ्या वाटेने गेला. ब्रिटनमध्ये चोरून आणलेल्या अमेरिकी संचांनी धुमाकूळ घातल्यावर २ नोव्हेंबर १९८१ पासून सीबी कायदेशीर झाला, पण अमेरिकेसारख्या एएमवर नव्हे तर एफएमवर. एफएममध्ये दोन आवाज आदळले तर शिट्टी उठत नाही. जोरदार लहर दुबळीला गिळते. त्यामुळे तिथे मध्ये घुसणाऱ्या दुबळ्याला कोणी दाद देत नाही आणि दांडग्याला कोणी अडवू शकत नाही. ऑस्ट्रेलियाने १९७७ मध्ये सीबीला परवानगी दिली. तिथला ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आजही लांबच्या रस्त्यांवर कामाचा आहे. ४० नंबर ट्रकवाल्यांचा, ५ आणि ३५ संकटाचे, आणि सामान्य समजूतदार माणसाला अपमानकारक वाटेल असे बोलणे नियमाने वर्ज्य. भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, पण संच पाच वॉटपर्यंतचा आणि अँटेना संचातच बसवलेली, ही अट आली. तोवर मोबाइल हाती आला होता. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांची भाषा हॉर्न, डिपर आणि ढाबा यांवरच भागली.

सीबीच्या शब्दांत सर्वांत विलक्षण गत झाली ती ‘गुड बडी’ची. सत्तरच्या दशकात अनोळखी चालकाला आपलेपणाने हाक मारायची ती याच शब्दाने. चित्रपटांनी आणि हौशी मोटारवाल्यांनी तो इतका वापरला, की ट्रकवाल्यांना त्याचा वीट आला. मग उपहासाने त्याला समलिंगी पुरुषाला हिणवण्याचा अर्थ चिकटला. आज जुना चित्रपट पाहून कोणी १९ नंबरवर ‘गुड बडी’ म्हणाला, तर उत्तरादाखल शिवी येण्याची शक्यता अधिक. ट्रकवाले आता एकमेकांना नुसते ‘ड्रायव्हर’ म्हणतात.